मंडळीला अर्पण देताना या चुका टाळा

मिरजेतल्या आमच्या छोट्या लुथरन मंडळीचा, म्हणजे चर्चचा, हिशेब मी अकरा वर्षं बघतोय. रविवारी उपासना संपली की अर्पणाची पिशवी घेऊन आतल्या खोलीत बसायचं, दोघांनी मिळून मोजायचं, दोघांनी सही करायची. देणारे मनापासून देतात हे मी रोज बघतो. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा झाल्या की वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खजिनदाराच्या किंवा पाळकांच्या मोबाइल नंबरवर पैसे पाठवणं. ही चूक माझ्या हातूनही घडली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. मंडळीतल्या चार घरांत पाणी शिरलं होतं आणि पुण्या-मुंबईहून एकसारखे फोन येत होते, "काका, पैसे कुठे पाठवू?" मंडळीचं पासबुक कपाटात, बँक बंद. घाईत मी माझाच नंबर दिला.

त्याच खात्यात माझा पगार यायचा, त्यातूनच विम्याचा हप्ता जायचा. आता त्यातच अर्पण येऊन पडलं. कुणी पूरग्रस्तांसाठी पाठवलं, कुणी दशमांश (उत्पन्नाचा दहावा भाग), कुणी चर्चच्या छपरासाठी. कुणी एक शब्दही लिहिला नाही. पाणी ओसरल्यावर तीन रविवार मी बँकेचा उतारा आणि पेन्सिल घेऊन एकेका रकमेचा माणूस शोधत बसलो. पाच हजारांची एक रक्कम कुणाची, ते आजपर्यंत कळलेलं नाही. वार्षिक सभेत एक वयस्कर सभासद उठून म्हणाले, "बाबा, हे तुझ्या खात्यात का?" त्यांचा प्रश्न रास्त होता. माझ्याकडे कागद होते, पण कागद दाखवायची वेळ यावी हेच मला लागलं.

तेव्हापासून मंडळीच्या खात्याचा क्यूआर लॅमिनेट करून दाराशी लावला आहे. स्कॅन केल्यावर स्क्रीनवर मंडळीचंच नाव येतंय का ते वाचा, मगच पिन टाका. संदेशाच्या जागी आपलं नाव आणि कारण लिहा: 'छप्पर', 'दशमांश', 'कापणीचा सण'. दहा सेकंदांचं काम आहे. नव्या मुलांना तेवढाही धीर नसतो. "तुम्ही फक्त नंबर द्या, मी लगेच टाकतो," म्हणतात. मी नंबर देत नाही. राग आला तरी चालेल.

दोघांनी मोजायची पद्धत मी शोधलेली नाही. १५२३ साली जर्मनीतल्या लाइसनिग गावच्या मंडळीने समाईक पेटीची, म्हणजे मंडळीच्या सामायिक पैशांची, नियमावली केली. तिला प्रस्तावना लिहिली मार्टिन ल्यूथरने, ज्या धर्मसुधारकाच्या नावावरून आम्ही लुथरन. पेटीला चार कुलपं आणि किल्ल्या चौघांकडे: उमराव, नगरपरिषद, शहरातले रहिवासी आणि खेड्यातले शेतकरी. कारभार बघायला दहा जण. कुणा एकाला एकट्याने पेटी उघडता येत नव्हती. ते वाचल्यावर मी आमच्या कपाटाची दुसरी किल्ली दुसऱ्या घरी ठेवली.

परदेशातून येणारे पैसे हा दुसरा गुंता. आमच्या संडे स्कूलमध्ये वाढलेली एक मुलगी अमेरिकेत स्थायिक आहे. तिला छपरासाठी मोठी रक्कम द्यायची होती. मी पहिला प्रश्न विचारला, "ताई, पासपोर्ट कुठला?" भारतीय पासपोर्ट असेल आणि आपल्या बचतीतले पैसे रीतसर बँकेतून पाठवले, तर ते विदेशी देणगीत धरत नाहीत. पण तिने तिकडचं नागरिकत्व घेतलं होतं. मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असलं तरी ती देणगी विदेशीच. ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात. आमच्याकडे यातलं काहीच नाही. ती म्हणाली, "आईच्या खात्यात टाकते, आई देईल." असला वळसा मी घेत नाही. छप्पर एक पावसाळा आणखी गळलं, पण नको त्या वाटेचे पैसे त्यावर चढले नाहीत.

देणगीवर आयकरात ८०जीची सवलत मिळेल का, हे देण्याआधी विचारा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नको. एकाच धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला हे प्रमाणपत्र सहसा मिळत नाही. ज्या संस्थेकडे आहे, तिथेही दोन हजारांवरच्या रोख देणगीला सवलत नाही.

नवसाची सवय आपल्या भागात हाडीमाशी भिनलेली आहे. "पोराला नोकरी लागली की पाच हजार देईन," असं म्हणणारे आमच्यातही आहेत. १५१७ साली ल्यूथरने ९५ प्रबंध मांडले, ते पापक्षमापत्रांच्या, म्हणजे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेतून सूट देणाऱ्या कागदांच्या, विक्रीविरुद्धच. पैशाने कृपा विकत मिळत नाही, हाच तर मूळ मुद्दा. नोकरी लागली म्हणून आभाराचं अर्पण जरूर द्या. नोकरी लागण्याआधी देवाशी बोली करू नका.

नव्या उत्साहात पहिल्याच पगाराचा मोठा हिस्सा देऊन तिसऱ्या महिन्यात गप्प होणारे तरुण मला जास्त काळजीत टाकतात. पाळकांचा पगार दर महिन्याला असतो. पाचशे द्या, पण पगार होईल त्याच दिवशी ते वेगळे काढा.

वस्तू देण्याआधी विचारा. आमच्याकडे बाजाच्या तीन पेट्या आहेत आणि शौचालयाला धड दार नाही. पाकिटाला पिना मारू नका. चेकवर ट्रस्टचं पूर्ण नाव लिहा, नुसतं 'चर्च' लिहिलेला चेक बँक परत करते.

मृत्युपत्रातून देताना एक जुनी भीती अजून ऐकू येते. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ११८ मुळे, जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाने मरणाआधी निदान वर्षभर मृत्युपत्र केलेलं असेल तरच धर्मादायासाठी दिलेलं टिकायचं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली ते कलम घटनाबाह्य ठरवलं. जमीन मात्र हयातीतच द्यायची असेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. तोंडी शब्दावर सातबारा बदलत नाही.

कापणीच्या सणाला तासगावकडून बेदाणे येतात, कुणी हळद आणतं, कुणी ज्वारी. लिलावाआधी सगळं तोलून वहीत लिहावं लागतं. म्हणून पोती शनिवारी संध्याकाळी सातच्या आत पोहोचवा. शेजारच्या दुकानदाराचा काटा तेवढ्याच वेळेपुरता मिळतो.