भिंत पडते, पण वजन जाणवत नाही: डिजिटल पडझडीच्या दृश्यात या चुका टाळा

मोबाइलवर चित्रित केलेल्या दृश्यात कंपाउंडची भिंत पाडून दाखवणे ब्लेंडरसारख्या त्रिमितीय ॲनिमेशनच्या मोफत सॉफ्टवेअरमुळे आता कोणालाही शक्य झाले आहे. तरीही अशा बहुतेक दृश्यांतील भिंत थर्माकोलची असल्यासारखी कोसळते, आणि ते लक्षात आल्यावर करणारा सहसा स्फोट मोठा करतो किंवा तुकड्यांची संख्या वाढवतो. त्याने दोष झाकला जात नाही, उलट अधिक ठळक होतो. पडणाऱ्या वस्तूला वजन आहे हे प्रेक्षकाच्या डोळ्याला पटले पाहिजे, आणि त्यासाठीचे बरेचसे निर्णय सिम्युलेशन (संगणकाने हिशेब करून पडझड घडवणे) सुरू करण्यापूर्वीच घ्यावे लागतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक मापाची असते. ब्लेंडरमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर, आणि गुरुत्वाकर्षण त्याच हिशेबाने लागू होते. दोन मीटरची भिंत वीस एककांची बनवली, तर ती अवाढव्य वस्तूसारखी संथ पडते; वीस सेंटिमीटरची बनवली, तर खेळण्यासारखी झटकन आडवी होते. प्रत्यक्ष भिंत टेपने मोजावी, मॉडेल त्याच मापाचे करावे आणि मापात बदल केला असल्यास ‘अप्लाय स्केल’ ही आज्ञा देऊन नवे माप पक्के करूनच पुढे जावे. पडताळणी सोपी आहे: पाच मीटर उंचीवरून सुटलेला तुकडा साधारण एका सेकंदात, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत तिसाव्या फ्रेमच्या आसपास, जमिनीला टेकला पाहिजे. येथेच आणखी एक गफलत होते. मोबाइलचा व्हिडिओ बहुधा सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, तर ब्लेंडरची नवी फाइल २४ फ्रेमवर उघडते. हा फरक तसाच राहिला, तर पडझड सव्वापट वेगाने दिसते. शिवाय अनेक मोबाइल फ्रेमचा वेग चित्रीकरणादरम्यान बदलत राहतात, त्यामुळे ट्रॅकिंगपूर्वी (चित्रीकरणातील कॅमेऱ्याची हालचाल सॉफ्टवेअरला ओळखायला लावण्यापूर्वी) फाइल स्थिर फ्रेमदरात रूपांतरित करून घेणे हिताचे ठरते.

सिम्युलेशन सुरू होताच, काही आदळण्यापूर्वीच, तुकडे चारी दिशांना उडत असतील, तर बहुतेक वेळा त्यांचे टक्कर-आकार (आदळण्याचा हिशेब ज्यावर होतो ते आकार) एकमेकांत घुसलेले असतात. टक्करीचे मार्जिन, म्हणजे आकाराभोवतीची मोकळी कड, कमी करावे, प्रत्येक फ्रेममधील सब-स्टेप्स, म्हणजे हिशेबाचे टप्पे, वाढवाव्यात आणि तुकड्यांना ‘स्टार्ट डीॲक्टिव्हेटेड’ हा पर्याय द्यावा, म्हणजे धक्का लागेपर्यंत भिंत निश्चल उभी राहते.

तुकडे कसे पाडायचे, हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण सॉफ्टवेअर येथे काहीच सुचवत नाही. ब्लेंडरचे सेल फ्रॅक्चर हे तुकडे पाडणारे ॲड-ऑन प्रत्येक वस्तू जवळजवळ सारख्या आकाराच्या, सपाट बाजूंच्या ढेकळांत फोडते. खऱ्या वस्तू मात्र आपापल्या घडणीप्रमाणे फुटतात. विटांची भिंत प्रामुख्याने सांध्यांतून सुटते: काही विटा अखंड निघतात, काही अर्ध्या तुटतात आणि गिलाव्याचे पापुद्रे वेगळे गळतात. आरसीसीचा खांब तुटला तरी आतील सळया वाकून तुकड्यांना लटकवून ठेवतात. लाकूड रेषांच्या दिशेने चिरफाळते. काचेतही भेद आहे: खिडकीची साधी काच लांब, टोकदार तुकड्यांत फुटते, मोटारीच्या बाजूची टफन्ड काच बारीक खड्यांसारखी विखुरते, आणि पुढची काच मधल्या प्लॅस्टिकच्या थरामुळे तडे जाऊनही जागेवर राहते. म्हणून भिंत एकसंध ठोकळ्यातून फोडण्याऐवजी विटा स्वतंत्र रचाव्यात, त्यांतील थोड्याच पुन्हा फोडाव्यात आणि मोठ्या, मध्यम व बारीक तुकड्यांत ठळक फरक ठेवावा. आघाताच्या जागी बारीक तुकडे जास्त असतात आणि दूर जावे तसे ते मोठे होत जातात.

भिंत पडल्यावर तिच्यामागे काय दिसणार, हा प्रश्न अनेकांना रेंडर, म्हणजे अंतिम चित्रे तयार, झाल्यावर पडतो. मागच्या अंगणाचे चित्रीकरण त्याच दिवशी, त्याच उन्हात आणि तितक्याच उंचीवरून करून ठेवावे. नंतर ते जुळवणे फार कष्टाचे असते.

धूळ तुकड्यांबरोबर थांबत नाही. ती किंचित उशिरा उठते आणि विटा स्थिरावल्यानंतरही बराच वेळ तरंगत राहते, त्यामुळे दृश्य लगेच कापू नये. काळ्या पार्श्वभूमीवरील तयार क्लिप ‘स्क्रीन’ पद्धतीने (काळा भाग गाळून उजळ भाग चित्रावर चढवून) मिसळणे आगीसाठी चालते, पण धूळ त्याने उजेडासारखी चमकू लागते. धुळीने मागची वस्तू झाकली पाहिजे, म्हणून अल्फा (पारदर्शकतेची माहिती) असलेली क्लिपच वापरावी. धुळीचा रंग त्याच दृश्यातील मातीवरून घ्यावा. पावसाळ्यात चिंब झालेल्या भिंतीतून कोरड्या धुळीचे लोट उठवू नयेत. तेथे चिखलाचे शिंतोडे आणि ओली ढेकळे शोभतात.

सावली शॅडो कॅचरवर (फक्त सावली दाखवणाऱ्या अदृश्य पृष्ठभागावर) घेऊन सूर्याची दिशा खऱ्या सावल्यांशी जुळवावी, हे बहुतेकांना ठाऊक असते. मोशन ब्लर, म्हणजे हलत्या वस्तूचा धूसरपणा, याबाबत मात्र सर्रास चूक होते. ब्लेंडरमधील त्याच्या शटरचे ०.५ हे मूल्य ३० फ्रेमच्या व्हिडिओत १/६० सेकंदाच्या शटरइतके असते, तर भर उन्हात मोबाइल १/१००० सेकंदाचा शटर सहज वापरतो, तेथे ०.०३ हेच मूल्य जुळते. चित्रीकरणातच शटर १/६० वर ठेवायचा असेल, तर प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करावेत, डिजिटल स्थिरीकरण बंद ठेवावे, नाहीतर ट्रॅक केलेले तुकडे जमिनीवर घसरताना दिसतात.

अंतिम रेंडरपूर्वी गॅमा (मधल्या छटांचा उजेड) तात्पुरता खूप वाढवून चित्र पाहावे. खऱ्या चित्रातील सावल्या धुरकट राखाडी आणि तुकड्यांच्या फटी मात्र निव्वळ काळ्या दिसल्या, तर काळ्याची पातळी उचलावी आणि मोबाइलच्या व्हिडिओत असतो तितकाच नॉइज (दाणेदारपणा) तुकड्यांवरही घालावा. आवाजासाठीही हिशेब करावा: पडझड शंभर मीटरवर असेल, तर तिचा धडाका सुमारे ०.३ सेकंद, म्हणजे नऊ फ्रेम, उशिरा ऐकू यायला हवा.