लाकडाच्या स्टोव्हची काळी पडलेली काच राखेनं कशी साफ करावी

इंग्लंड-स्कॉटलंडात किंवा जर्मनीत घर घेतलेल्या काही मराठी मंडळींना बैठकीच्या खोलीत एक लोखंडी लॉग बर्नर, म्हणजे लाकडाचा स्टोव्ह, आयताच मिळतो. काचेच्या दारामागे जाळ दिसतो, हीच त्याची खरी मजा. पण थंडी सुरू होऊन आठवडा लोटत नाही तोच नेमकी ती काच काळीकुट्ट होते. दुकानात त्यासाठी फवाऱ्याच्या बाटल्या मिळतात, पण त्यांच्यावर पैसे घालवायची गरज नाही. लागणारी वस्तू स्टोव्हच्या पोटातच पडलेली असते, ती म्हणजे लाकडाची राख. चुलीच्या राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासलेली पितळी भांडी ज्यांना आठवतात, त्यांना यात नवल वाटू नये.

काचेवर नुसता तपकिरी, पातळ थर असेल तर घासण्याआधी एक करून बघा. चांगली कोरडी लाकडं घाला, हवेची खिटी (आत येणारी हवा कमी-जास्त करायची) पूर्ण उघडा आणि अर्धा-पाऊण तास जोरदार जाळ होऊ द्या. काच पुरेशी तापली की असा थर आपोआप जळून जातो. काळा, जाड, चकचकीत थर मात्र असा हटत नाही. तिथे हात लावावाच लागतो.

त्यासाठी स्टोव्ह पूर्ण थंड हवा. रात्री जाळ केला असेल तर सकाळी राखेवर हात धरून बघा. ऊब लागली तर थांबा. ही काच साधी नसते, ती काच-सिरॅमिकची असते. जर्मनीच्या शॉट कंपनीची ‘रोबॅक्स’ ही त्यातली ओळखीची जात. तापल्यावर ती जवळजवळ प्रसरण पावतच नाही, म्हणून सातशे अंशांच्या आसपासची उष्णताही सहन करते. आपल्या बोटांचं तसं नाही. शिवाय गरम काचेवर ओली राख लावली की ती तिथल्या तिथे वाळून चिकटते आणि काम दुप्पट होतं.

जुनी वर्तमानपत्रं, वाटीभर पाणी, रबरी हातमोजे आणि एक कोरडं सुती फडकं जवळ घ्या. हातमोजे टाळू नका, कारण ओली राख अल्कधर्मी असते आणि कातडी कोरडी पाडते. राख पांढरट, पिठासारखी मऊ निवडा. चिमूट बोटांत चोळून बघा. खर लागली तर चहाच्या जुन्या गाळणीतून चाळून घ्या, कारण कोळशाचा एखादा कण किंवा खिळ्याचा तुकडा काचेवर कायमचा ओरखडा काढतो. दगडी कोळशाची राख या कामाला घेऊ नका. रंगवलेल्या किंवा रसायन लावलेल्या लाकडाची तर नाहीच. असलं लाकूड मुळात स्टोव्हमध्ये जाळायचंच नसतं.

दार उघडून खाली वर्तमानपत्र पसरा. दुसऱ्या कागदाचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि घट्ट पिळा. काचेच्या आणि दाराच्या कडेला फट बंद राहावी म्हणून दोरी चिकटवलेली असते; पाणी ओघळून तिच्यात शिरता कामा नये, नाहीतर तिचा गोंद सुटतो. बोळा राखेत टेकवा आणि काचेवर छोटी छोटी वर्तुळं काढत चोळा. पहिल्या मिनिटात चित्र आणखी बिघडेल. काळ्याचा कॉफीच्या रंगाचा चिखल होतो आणि सगळीकडे पसरतो. होऊ द्या, थर सुटू लागल्याची ती खूण आहे. बोळा मळला की टाका आणि नवा घ्या. मळक्याच बोळ्यानं घासत राहिलात तर काजळी फक्त इकडची तिकडे होते.

खालच्या दोन कोपऱ्यांत बहुतेक वेळा डांबरासारखा थर साचलेला असतो. तिथे राखेचा दाटसर लेप लावून दहा मिनिटं सोडा, मग चोळा. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. त्याचं अल्कधर्मी पाणी धुरातला चिकट थर सैल करतं आणि राखेचे बारीक कण तो उचलतात. चाकू, तारेची घासणी, भांड्यांची पावडर यातलं काही लागत नाही. ब्लेडनं पटकन निघतं असं सांगणारे भेटतील, पण एक ओरखडा पडला की पुढची काजळी तिथेच घट्ट धरते. खिडक्यांचा अमोनियावाला फवाराही नको.

शेवटी स्वच्छ ओल्या कागदानं दोन-तीनदा पुसून कोरडं फडकं फिरवा. हा टप्पा घाईत उरकू नका. राखेचा अंश उरला तर पुढच्या जाळात तो भाजून काचेवर पांढरी झाक बसते.

दर चार दिवसांनी हेच करावं लागत असेल तर दोष काचेचा नाही, जाळाचा आहे. पहिला संशय ओल्या लाकडावर घ्या. लाकडातलं पाणी उडण्यातच उष्णता खर्च होते, धूर नीट जळत नाही आणि तो काचेवर बसतो. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. इंग्लंडमध्ये 1 मे 2021 पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडाला ही अट कायद्यानंच आहे. ‘रेडी टू बर्न’ची खूण त्यासाठी बघायची. ओलावा-मापक घेतलंत तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचा. वरची साल कोरडी लागते आणि फसवते.

दुसरं कारण हवा कोंडण्याचं. बऱ्याच स्टोव्हमध्ये वरून येणारी गरम हवा काचेच्या आतून खाली वाहते आणि धूर दूर ठेवते. रात्रभर निखारे राहावेत म्हणून ती खिटी बंद केली की हा पडदा गेला आणि सकाळी काच काळी. ही सवय चिमणीलाही वाईट, कारण तोच चिकट थर वर साचून पेट घेऊ शकतो.

काच एकाच ठिकाणी काळी होत असेल तर आधी बघा, ओंडका तिथे टेकतोय का. कडेला पट्टा उमटत असेल तर दोरीतून हवा गळत असावी. स्टोव्ह थंड असताना कागदाची पट्टी दारात अडकवून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर तिथली दोरी बदला. फार जुना स्टोव्ह असेल तर दोरीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती स्वतः उपटू नका, जाणकाराला बोलवा.

उरलेली राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून घराबाहेर, लाकडी फळ्यांपासून लांब ठेवा. आतले निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात.

पांढुरकी झाक राखेनं एकदा चोळूनही गेली नाही तर काचेचा पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. त्याला इलाज नाही, पण स्टोव्ह वापरायला हरकत नाही. तडा मात्र केसाएवढा असला तरी जाळ करू नका. मापाची नवी काच-सिरॅमिक कापून मिळते. बसवताना काच आणि लोखंड यांच्यामध्ये दोरी हवीच, आणि स्क्रू हातानं घट्ट लागले की तिथेच थांबा, कारण जास्त आवळले तर नवी काचही पहिल्याच जाळात तडकते.