पंखा फिरतोय, पण डिस्प्ले नाही? पॉवर गुड तपासताना या चुका टाळा

बटण दाबलं की कॅबिनेटमधले पंखे फिरतात, लाइट लागतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. बीपसुद्धा नाही. अशा पीसीचं निदान बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: बोर्ड (मदरबोर्ड) गेला. रॅम काढून पुसली जाते, दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघितली जाते आणि मग नव्या बोर्डाचा खर्च सांगितला जातो. एसएमपीएसवर, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, कुणाचा संशयच जात नाही, कारण पंखा तर फिरतोय!

इथेच पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक होते. १२ व्होल्टचा पंखा ९ व्होल्टवरही निवांत फिरतो. मदरबोर्ड मात्र एसएमपीएसकडून ‘सगळे व्होल्टेज नीट आहेत’ असा होकार मिळेपर्यंत प्रोसेसरला रिसेटमध्ये, म्हणजे थांबवून, धरून ठेवतो. हा होकार म्हणजे पॉवर गुड सिग्नल. २४ पिनच्या कनेक्टरमधली ८ नंबरची पिन, राखाडी वायर. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइन स्थिरावल्या की १०० ते ५०० मिलिसेकंदांनी या वायरवर साधारण ५ व्होल्ट येतात आणि मगच प्रोसेसर कामाला लागतो. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीतही ही सोय होती. होकार आला नाही, तर बाकी सगळं ठणठणीत असूनही पीसी सुरू होणार नाही.

हिरवी-काळी जोडून ‘एसएमपीएस ओके’ म्हणू नका

कनेक्टर काढून हिरव्या (चालू होण्याचा इशारा देणाऱ्या) आणि काळ्या (ग्राउंड) वायरमध्ये यू पिन घातली की एसएमपीएस चालू होतो, एवढंच त्यातून कळतं. लोड नसताना, म्हणजे वीज घेणारं काही जोडलेलं नसताना, अशक्त एसएमपीएसही बरोबर व्होल्टेज दाखवतो.

खरं मोजमाप कनेक्टर बोर्डावर असतानाच घ्या. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा आणि लाल प्रोबचं टोक कनेक्टरच्या मागून, वायरच्या कडेने, हलकेच आत सरकवा. शेजारच्या पिनला टेकू देऊ नका. बटण दाबण्याआधी जांभळ्या वायरवर ५ व्होल्ट हवेत, हिरवीवरही जवळपास तेवढेच, राखाडीवर शून्य. बटण दाबल्यावर हिरवी शून्याजवळ यायला हवी आणि राखाडी वर जायला हवी.

हिरवी खाली आलीच नाही, तर बोर्डाने एसएमपीएसला चालू हो असं सांगितलेलंच नाही. दोष बटणात किंवा बोर्डात शोधा. हिरवी खाली आली पण राखाडी शून्यावर किंवा १ व्होल्टच्या आसपास रेंगाळतेय, तर आधी बाकीच्या लाइन मोजा. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६. यातली एखादी बाहेर असेल, तर सिग्नल न येणं हा मूळ दोष नाही, पॉवर गुड त्याचं काम चोख करतोय. बिघाड त्या लाइनमध्ये किंवा तिच्यावरच्या लोडमध्ये आहे.

सगळ्या लाइन बरोबर आणि तरी राखाडी खालीच? इथे घाईने एसएमपीएस बदलू नका. कनेक्टर काढा, एखादी जुनी हार्ड डिस्क लोड म्हणून जोडा, यू पिन लावून राखाडी पुन्हा मोजा. आता ५ व्होल्ट मिळाले, तर सिग्नल एसएमपीएसमधून निघतोय आणि बोर्ड तो खाली खेचतोय. एकदा ८ नंबरची पिनही नीट बघा. कनेक्टर लावताना ती कधी कधी मागे सरकते आणि वरून काहीच दिसत नाही.

मीटर ५ व्होल्ट दाखवतोय म्हणून निर्धास्त होऊ नका

सिग्नल आला की नाही हे मीटर सांगतो, किती वेळाने आला हे नाही. काही स्वस्त एसएमपीएसमध्ये तपासणीचं सर्किटच नसतं, ५ व्होल्टची लाइन रेझिस्टरमधून थेट राखाडी वायरला दिलेली असते. सकाळी पहिल्यांदा डिस्प्ले येत नाही आणि रिसेट दाबला की येतो, ही तक्रार असेल तर याचा संशय घ्या. वेळ मोजायला स्क्रीनवाला एसएमपीएस टेस्टर लागतो. त्यावर पीजीसमोर (पॉवर गुडसमोर) मिलिसेकंदांचा आकडा येतो.

राखाडी वायरला जम्पर मारू नका

राखाडी वायर लाल किंवा जांभळीला जोडली की पीसी चालू होतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. कळकळीने सांगतो, हे करू नका. जांभळीवर तर पीसी बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, म्हणजे लाइन वर येण्याआधीच बोर्डाला होकार मिळतो. वीज जाताना नुकसान आणखी मोठं होतं. व्होल्टेज कोसळण्याच्या निदान १ मिलिसेकंद आधी हा सिग्नल खाली येतो, म्हणून बोर्ड वेळेत थांबतो. जम्पर असेल तर प्रोसेसर पडत्या व्होल्टेजवर काम करत राहतो आणि डिस्कवर चुकीचा डेटा लिहिला जाऊ शकतो. वर्षानुवर्षांचे हिशेब किंवा घरचे फोटो त्या डिस्कवर असतात.

प्रत्येक वेळी यूपीएसला दोष देऊ नका

लाइट गेली की यूपीएस बीप करतो, पण पीसी रिस्टार्ट होतो. लोक बॅटरी बदलतात, तरी तेच. यूपीएसला बॅटरीवर यायला काही मिलिसेकंद लागतात आणि तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मोठ्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, जोरावर काढायचा असतो. चांगला एसएमपीएस पूर्ण लोडवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. तो कपॅसिटर जुना झाला की ही मुदत घटते, पॉवर गुड खाली येतो आणि बोर्ड रिसेट होतो. पीसी घरच्या इन्व्हर्टरवर असेल, तर आधी त्यावरचा स्विच यूपीएस मोडवर आहे का ते बघा.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नका. २३० व्होल्टवर त्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठतात, पीएफसीवाल्यात (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असलेल्यात) चारशेच्या घरात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ राहतात. साधा एसएमपीएस असेल तर बदलणंच बरं.

बदलताना कनेक्टर बसला म्हणजे वायरिंग जुळलं असं धरू नका. १९९०च्या दशकाच्या शेवटी डेलच्या काही पीसींमध्ये दिसायला नेहमीचाच कनेक्टर होता, पण आतला वायरांचा क्रम वेगळा होता. आजही अनेक ब्रँडेड ऑफिस पीसींचे कनेक्टर आणि व्होल्टेज त्यांचे स्वतःचेच असतात. अशा पीसीसाठी मॉडेल नंबर दाखवूनच एसएमपीएस घ्या आणि दुकानातच टेस्टरवर लावून पीजीचा आकडा बघा.