मुलांच्या पलंगाजवळचं चुंबकीय क्षेत्र कसं मोजावं

इंदूरच्या जुन्या वस्त्यांत विजेच्या तारा गॅलरीच्या अगदी जवळून जातात, कोपऱ्यावर डीपी (वस्तीचा ट्रान्सफॉर्मर) असते, आणि त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने मुलांच्या मेंदूत गाठ होईल का ही धास्ती बसते. 2010 साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा तसा ठोस संबंध आढळला नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाशी मात्र, सरासरी 0.3 ते 0.4 मायक्रोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्राचं माप) वर, थोडा संबंध दिसतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये हे क्षेत्र 2बी, म्हणजे ‘कर्करोगकारक असू शकेल’ या गटात घातलं. हेच कारण आहे असं सिद्ध झालेलं नाही. मूल सकाळी उठल्यावर डोकं दुखतं म्हणत असेल, वारंवार उलट्या करत असेल, चालताना तोल जात असेल, तर मीटरच्या नादी न लागता आधी डॉक्टरांकडे न्या.

मोबाईलचं अ‍ॅप उपयोगाचं नाही. त्यात दिसणारे 45च्या आसपासचे मायक्रोटेस्ला पृथ्वीच्या स्थिर क्षेत्राचे असतात, आणि लोक उगाच घाबरतात. 50 हर्ट्झ, म्हणजे घरच्या विजेचं क्षेत्र मोजणारा, तीन अक्षांचा गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्राचा मीटर) घ्या. एकाच अक्षाचा असेल तर तिन्ही दिशांनी धरून आकडे घ्या, त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा. मिलिगॉसचा आकडा दहाने भागला की मायक्रोटेस्ला मिळतात.

मोजायचं उशीपाशी, उन्हाळ्यात रात्री कूलर-एसी चालू असताना. मग मेन स्विच बंद करून पुन्हा मोजा. इन्व्हर्टरही बंद करा, नाहीतर अर्धं घर चालूच राहतं. आकडा तसाच राहिला तर क्षेत्र बाहेरून येतंय. उतरला तर भिंतीपलीकडे काय आहे ते बघा: फ्रिज, इन्व्हर्टर, मीटर बोर्ड. विटांची भिंत हे क्षेत्र अडवत नाही, अ‍ॅल्युमिनियमची फॉइलही नाही. त्यासाठी विकले जाणारे स्टिकर तर मुळीच घेऊ नका. मोटर किंवा ट्रान्सफॉर्मरपासूनचं अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं, म्हणून पलंग मीटरभर सरकवला तरी बहुतेक वेळा भागतं.

पलंग सरकवूनही आकडा हलत नसेल तर वायरिंग तपासून घ्या. इलेक्ट्रिशियनला क्लॅम्प मीटरच्या (वायरीभोवती धरून प्रवाह मोजणाऱ्या मीटरच्या) जबड्यात फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र धरायला सांगा. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. 2 अँपियर आले, तर तेवढा प्रवाह दुसऱ्याच वाटेने परततोय: दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत जोडलेले असतात किंवा न्यूट्रल अर्थिंगला लावलेला असतो. अशा वायरीपासून मीटरभर अंतरावर 0.4 मायक्रोटेस्ला भरतात. आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होते म्हणून काढून टाकलेली असेल, तिथे आधी हेच बघा. शॉकचा धोका चुंबकीय क्षेत्राच्या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.

बाहेरच्या तारा घरापासून 1.2 मीटरच्या आत असतील तर 1912 वर तक्रार नोंदवा. त्या गॅलरीतून काठीने ढकलू नका, आणि तोवर मुलांना त्या बाजूला खेळू देऊ नका.