सेकंडहँड बाईक: बंद पडणारं इंजिन, चिकटणारा ब्रेक

दीडशे सीसीची कार्बोरेटरवाली (हवा-पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बाईक घेतली, सिग्नलला बंद पडायची आणि पुढचा डिस्क ब्रेक चिकटायचा. मेकॅनिक डायरेक्ट इंजिन खोलायला निघालेला, म्हटलं थांब भाऊ. स्पार्क प्लग काढला तर पांढराफटक, म्हणजे हवा जास्त पेट्रोल कमी, मग गाडी चालू ठेवून कार्बोरेटर आणि इंजिनाचं हेड यांना जोडणाऱ्या रबरी नळीवर कार्ब क्लीनरचा स्प्रे मारला (इंजिन तापायच्या आत, नाहीतर पेट घेऊ शकतं) तर आरपीएम (इंजिनाचा वेग) लगेच बदलला, म्हणजे हवा तिथूनच आत जात होती, रबराला खालून बारीक चीर होती. नवीन टाकलं, आयडलिंग सरळ. ब्रेक ऑइल काळं होतंच, पण खरी गोची म्हणजे कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) पिना गंजलेल्या, पॅड मागे सरकायचंच नाही, एकीकडचं पार झिजलेलं. पिना घासून सिलिकॉन ग्रीस लावलं, साध्या ग्रीसने रबर फुगतं. झाकणावर लिहिलेलं डॉट ४ ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळीतली हवा काढली. चेन स्प्रॉकेट (चेन आणि तिची दातेरी चाकं) पगार झाल्यावर.