वैशाखातील मोटरसायकल प्रवास : विदर्भाची झळ वेगळी, कोकणाचा उकाडा वेगळा

उन्हाळ्यात मोटरसायकलवर लांबचा प्रवास करायचा म्हटले की दुकानदार जाळीचे रायडिंग जॅकेट पुढे करतो, आणि ज्याचे फिरणे पुणे, मुंबई व कोकण एवढ्यापुरते आहे त्याच्यासाठी तो सल्ला चुकीचा नाही. परंतु तेच जॅकेट घालून मे महिन्यात अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या रस्त्यावर भर दुपारी तासभर गाडी चालवली, तर वारा सुखावण्याऐवजी भाजू लागतो. याचे कारण साधे आहे. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून थंड असेल तर अंगावर येणारा वारा शरीरातील उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांची असेल तर तोच वारा शरीराला उष्णता देतो. अशा वेळी थंडावा देणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. म्हणून कोरड्या प्रदेशात घाम जपून वाळवायचा असतो आणि दमट प्रदेशात तो कसाबसा वाळेल अशी सोय करायची असते. पोशाख असो वा गाडीवरचे किरकोळ बदल, उन्हाळ्याची तयारी या फरकाला धरूनच करावी.

हे मला पुस्तकातून कळले नाही. छत्रपती संभाजीनगरहून नागपूरला जाताना, जालना आणि सिंदखेडराजा मागे टाकून मेहकरच्या अलीकडे एका पाणपोईपाशी मी गाडी उभी केली, तेव्हा डोके गरगरत होते आणि अंगावर घामाचा थेंबही दिसत नव्हता. जॅकेट जाळीचे होते, गळा उघडा होता, हेल्मेटची काच वर होती. घाम येत होता, पण जाणवण्यापूर्वीच उडून जात होता. शेजारी बसलेले एक वृद्ध शेतकरी मात्र लांब बाह्यांचा सदरा घालून, डोके, कान आणि तोंड दुपट्ट्याने गुंडाळून निवांत होते. त्यांनी माझ्या जॅकेटकडे पाहून विचारले, "हे भोकाचं कशाले घातलं?" या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही.

तेव्हा विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यात, तापमान चाळिशीपार गेल्यावर, अंग झाकावे. कापडी टेक्स्टाइल जॅकेट ज्याच्या हवेच्या झडपा चेनने उघडता-मिटता येतात असे असेल तर उत्तम. छातीवरील झडपा थोड्या आणि पाठीवरच्या पूर्ण उघड्या ठेवाव्यात. नवे जॅकेट घेण्याची ऐपत किंवा इच्छा नसेल तर जाळीच्या जॅकेटच्या आत लांब बाह्यांचा सुती सदरा पाण्यात भिजवून, पिळून घालावा. जाळीतून येणारा वारा त्या सदऱ्यातील पाणी वाळवतो आणि माठ जसा गार राहतो तसे अंग गार राहते. सदरा लवकर वाळतो, त्यामुळे दर थांब्याला तो पुन्हा भिजवण्यासाठी दोन लिटरची एक वेगळी बाटली ठेवावी. पावसाळी अस्तर मात्र आत घालू नये, कारण त्यातून वाफ बाहेर पडत नाही. दुपट्टा अवश्य बांधावा, परंतु हेल्मेटखाली त्याच्या जाड घड्या करू नयेत. हेल्मेट सैल बसते आणि अपघातात निघून जाऊ शकते. पातळ सुती कापड मानेभोवती व नाकातोंडावर घेऊन त्याची टोके जॅकेटच्या आत खोचावीत. मागे बसणाऱ्यांची ओढणी किंवा पदर चेनकडे जाणार नाही, हेही निघण्यापूर्वी पाहावे.

कोकणात आणि गोव्यात नेमके उलटे करावे. तेथे पारा क्वचितच चाळिशी गाठतो, पण हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम अंगावरून निथळतो, वाळत नाही. ओला सदरा येथे निरुपयोगी, उलट त्रासदायक ठरतो. जाळीचे जॅकेट, आत घाम शोषून न घेणारी पातळ पॉलिस्टर बनियन आणि हेल्मेटच्या सर्व झडपा उघड्या, असा पोशाख असावा. सुती बनियन ओली होऊन दिवसभर अंगाला चिकटून राहते आणि काखेत व मांड्यांत घामोळे उठते.

ऊन कितीही असले तरी काही गोष्टींत सूट घेऊ नये. हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचे, आयएसआय चिन्ह असलेले आणि पूर्ण चेहरा झाकणारे असावे. खांदे, कोपर व गुडघ्यांचे संरक्षक पॅड काढून ठेवून जॅकेट हलके करण्याचा मोह अनेकांना होतो. मग ते जॅकेट केवळ महागडा शर्ट उरते. हातमोजे पूर्ण बोटांचे आणि तळव्याला चामडे असलेले घ्यावेत, कारण घामेजलेल्या हाताची पकड सुटते आणि उन्हात मनगटाची कातडी सोलते. मुक्कामी हेल्मेट गरम टाकीवर किंवा आरशावर अडकवून ठेवू नये. आरशाच्या टोकाने आतील थर्माकोल दबतो आणि पेट्रोलच्या वाफेने तो खराब होतो.

पाणी तहान लागण्यापूर्वी प्यावे. दर वीस मिनिटांनी चार-सहा घोट पिता यावेत म्हणून पाठीवरची नळीची पाणपिशवी सोयीची पडते. ती नसेल तर तासाला एकदा थांबावेच. नुसत्या पाण्याने क्षार भरून निघत नाहीत. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ हे प्रमाण पाठ करून ठेवावे, किंवा ओआरएसच्या पुड्या सोबत घ्याव्यात. पन्हे उत्तमच, ताक मात्र वाटेत घेऊन पिण्याचा पदार्थ आहे, डिकीत घालून नेण्याचा नव्हे. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही अशी समजूत आहे. ठेवायचा तर ठेवावा, फक्त त्याच्या भरवशावर पाण्याची बाटली घरी विसरू नये.

आता गाडीकडे वळू. टायरमधील हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना पुस्तिकेत दिल्याप्रमाणे भरावी. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, हे गृहीत धरूनच कंपनीने थंड टायरचा आकडा दिलेला असतो. उन्हात टायर फुटेल या भीतीने हवा कमी ठेवणारे चालक पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात कमी हवेचा टायर अधिक दबतो, अधिक तापतो आणि त्यामुळेच फुटतो. इंजिन ऑइलची पातळी गाडी सपाट जागी सरळ उभी करून पाहावी. ग्रेड कंपनीने सांगितलेलाच ठेवावा. "उन्हाळा आहे, जाड ऑइल टाकू" हा काही मेकॅनिकांचा सल्ला ऐकू नये. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाच्या पात्यांतील चिखल धुऊन काढावा आणि रेल्वे फाटकावर इंजिन बंद करावे. रेडिएटर असलेल्या गाडीत कूलंटच भरावे, बोअरवेलचे जड पाणी नव्हे, कारण त्याने आत क्षारांचा थर बसतो. आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर बदलून घ्यावे. ते हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो आणि कसारा किंवा आंबेनळी घाट उतरताना ऐन वळणावर ब्रेक पोकळ लागतो. चेन धुळीने कोरडी पडते, म्हणून रोज मुक्कामी पोहोचल्यावर ती गरम असतानाच वंगण द्यावे.

किरकोळ बदलांमध्ये मी सर्वांत आधी जाळीचे सीट कव्हर सुचवीन. काळे रेक्झिन उन्हात तव्यासारखे तापते आणि कव्हरमुळे खाली हवा खेळते. पट्टे घट्ट आवळावेत, नाहीतर ब्रेक लावताना आपण कव्हरसह पुढे सरकतो. समोरची उंच काच आणि हँडगार्ड यांच्याबाबत पुन्हा तोच प्रदेशाचा नियम लागू होतो: विदर्भात ती उष्ण झोताला अडवून छाती व हात वाचवतात, कोकणात मात्र काच काढून ठेवावी, कारण तेथे तोच वारा हवा असतो. रेडिएटरची जाळी आणि ट्यूबलेस पंक्चरचा संच यांवर केलेला खर्च वाया जात नाही. मोबाइलचा होल्डर उन्हात फारसा कामाचा नाही, कारण थेट उन्हात फोन तापून बंद पडतो. वाटेतील गावांची नावे कागदावर लिहून टाकीवरच्या पिशवीत ठेवावीत. सायलेन्सर बदलणे हा उन्हाळ्याचा उपाय नव्हे, आणि कायद्यालाही तो मान्य नाही.

वेळापत्रक हे सर्वांत स्वस्त साधन आहे. समृद्धी महामार्गावर दुचाकींना परवानगी नसल्याने नागपूरकडे जाणाऱ्याला जुन्या रस्त्याने, गावांमधून जावे लागते, आणि हे एका परीने बरेच आहे, कारण सावली, पाणी व टपरी वारंवार मिळते. पहाटे साडेचारला निघावे, अकरापर्यंत जितके होईल तितके अंतर कापावे आणि पाच वाजेपर्यंत झाडाखाली, मंदिरात किंवा ढाब्यावर पडून राहावे. नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या सुमारास येणाऱ्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत तर दुपारी डांबरही वर येते आणि वळणावर टायर घसरतो.

सोबत्याला मळमळ, डोकेदुखी किंवा पायात गोळे येऊ लागले तर लगेच थांबून सावली, पाणी व क्षार द्यावेत. तो असंबद्ध बोलू लागला, चालताना झोकांड्या खाऊ लागला आणि अंग चटका लागावा इतके तापले, तर तो उष्माघात समजावा: हेल्मेट व जॅकेट काढावे, अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

मुक्कामी पोहोचल्यावर गाडी सावलीत लावावी, पण तापलेल्या इंजिनावर व डिस्कवर गार पाणी मारू नये. टाकी संध्याकाळी काठोकाठ भरण्याऐवजी पहाटे निघताना भरावी, आणि तीही मानेपर्यंत नव्हे, कारण पेट्रोल उष्णतेने प्रसरण पावते आणि दुपारी उभ्या गाडीतून झाकणाखालून ठिबकते.