नवा फोन घेतलात? मग जुना हातातून सोडायच्या आधी या चुका टाळा

दसरा-दिवाळीच्या सेलमधे फोन ऑर्डर होतो, घरी येतो, बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ स्टेटसला लागतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याला पैसे द्यायला गेलं की कळतं यूपीआय चालतच नाहीये. मग जुना फोन शोधायचा तर तो एक्स्चेंजमधे गेलेला, नाहीतर रिसेट मारून आईला दिलेला. आमच्या बिल्डिंगमधे, ऑफिसात, नातेवाईकांत कोणीही फोन बदलला की एक-दोन दिवसांत मला "जरा बघ ना रे" असा फोन येतोच, आणि दहातल्या आठ वेळा गडबड एकच असते. जुना फोन फार लवकर सोडलेला असतो.

पूर्वी फोन बदलणं म्हणजे सिम काढून दुसऱ्यात घालणं, संपला विषय. आता बँक, व्हॉट्सॲप, ऑफिसचं लॉगिन, फोटो सगळं त्या एका डबड्याला बांधलेलं असतं, आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टी नव्या फोनवर चालू करायला जुना फोन शेजारी चालू असावा लागतो. हे कोणी सांगत नाही. दुकानदार तर नाहीच, त्याला पुढचं गिऱ्हाईक असतं.

एक्स्चेंजवाला दारात उभा असताना बॅकअप घेणं

ऑनलाइन एक्स्चेंज लावलं असेल तर नवा फोन घेऊन येणारा माणूसच जुना फोन तिथल्या तिथे चेक करून घेऊन जातो. म्हणजे दोन्ही फोन एकत्र तुमच्या हातात असण्याचा वेळ किती, तर तो चहा नको म्हणेपर्यंत. आणि लोक त्याच वेळेत सगळं उरकायला बघतात, तो बिचारा घड्याळाकडे बघत उभा, घाईघाईत रिसेट मारला जातो आणि मग आठवतं की अरे, बाबांच्या षष्ट्यब्दीचे फोटो तर फोनमधेच होते.

एक्स्चेंजला फोन द्यायचा असेल तर सगळं आदल्या रात्रीच करून ठेवा, वायफायवर, चार्जिंगला लावून. माझं मत विचाराल तर एक्स्चेंजमधे हजार-दीड हजारांहून जास्त फायदा होत नसेल तर जुना फोन सरळ पंधरा दिवस घरातच ठेवा आणि मग विका. तेवढी मनःशांती स्वस्तात पडते.

कॉन्टॅक्ट "गुगलला आहेत" असं गृहीत धरणं

हे सगळ्यात जास्त होतं. नव्या फोनात गुगल अकाउंट टाकलं, कॉन्टॅक्ट आले, आणि मग लक्षात येतं की आलेत ते निम्मेच. प्लंबर नाही, गॅसवाला नाही, गावाकडचे काका नाहीत. कारण नंबर सेव्ह करताना खाली बारीक अक्षरात विचारलेलं असतं कुठे सेव्ह करू, फोनमधे, सिममधे की गुगल अकाउंटला, आणि आपण तिकडे कधी बघतच नाही. फोनमधे सेव्ह झालेले नंबर त्या फोनबरोबरच जातात. सिमवर साधारण अडीचशेच मावतात आणि तेही नावं अर्धवट कापून.

जुन्या फोनात कॉन्टॅक्ट ॲपच्या सेटिंगमधे जा, तिथे फोनवरचे कॉन्टॅक्टसुद्धा गुगलला सिंक करायचा पर्याय असतो, तो चालू करा. मग कॉम्प्युटरवर किंवा दुसऱ्या कुणाच्या फोनवर ब्राउझरमधे गुगल कॉन्टॅक्ट्स उघडून प्लंबर दिसतोय का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दिसला की मग पुढचं.

व्हॉट्सॲपमधे घाईघाईत "स्किप" दाबणं

नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाकलं, नंबर टाकला, ओटीपी आला, आणि मग ते विचारतं बॅकअप सापडलाय, रिस्टोर करायचा का. हा प्रश्न फक्त त्याच वेळी विचारला जातो. लोकांना वाटतं नंतर सेटिंगमधे जाऊन करू, आणि स्किप दाबतात. नंतर सेटिंगमधे असं बटणच नसतं.

स्किप झालं असेल तर घाबरू नका पण उशीरही करू नका. व्हॉट्सॲप लगेच अनइन्स्टॉल करा आणि परत टाका, तो प्रश्न परत येईल. लगेच म्हणजे खरंच लगेच, कारण ॲप आपोआप बॅकअप घेतं, आणि एकदा का त्या नव्या रिकाम्या व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल ड्राइव्हवर चढला की तो जुन्याच्या जागी बसतो. मग पाच वर्षांच्या चॅट गेल्या. तरी अँड्रॉइडवर एक शेवटचा आधार असतो, जुन्या फोनच्या स्टोरेजमधे व्हॉट्सॲपच्या फोल्डरात डेटाबेसेस नावाचं फोल्डर असतं आणि त्यात साधारण शेवटच्या सात दिवसांचे लोकल बॅकअप पडलेले असतात, रोज रात्री दोनला तो घेतो. पण त्यासाठी जुना फोन हवा ना, रिसेट न मारलेला!

बॅकअप सापडतच नसेल तर कारण बहुतेक वेळा या दोन्हींपैकी एक असतं. एक तर नव्या फोनात गुगल अकाउंट वेगळंच टाकलंय (दुकानदाराने "नवीन जीमेल बनवून देतो" म्हणून बनवून दिलेलं, ज्याचा पासवर्ड आता जगात कुणालाच माहीत नाही), किंवा बॅकअप कित्येक महिने झालेलाच नाही. आधी व्हॉट्सॲपचा बॅकअप ड्राइव्हच्या जागेत मोजला जात नव्हता, २०२४ पासून तो गुगलच्या फुकट १५ जीबीत मोजला जायला लागला, आणि त्याच १५ जीबीत तुमचे फोटो आणि ईमेलही असतात. फोटोंचं फुकट अमर्याद स्टोरेज तर १ जून २०२१ लाच बंद झालं. म्हणून ड्राइव्ह भरतं, बॅकअप गुपचूप थांबतो, आणि आपल्याला पत्ता नसतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमधे चॅट बॅकअप उघडून शेवटची तारीख बघा, मार्च दिसत असेल तर काय ते समजून जा. अशा वेळी ड्राइव्हच्या नादी न लागता व्हॉट्सॲपमधलाच ट्रान्सफर चॅट्सचा पर्याय वापरा, जुन्या फोनने नव्यावरचा क्यूआर स्कॅन करायचा, दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवायचे, चॅट थेट जातात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताय? मग ड्राइव्हवरचा बॅकअप आयफोनवर रिस्टोर होत नाही, कितीही आपटा. मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप जुन्या फोनात टाकून त्यातून व्हॉट्सॲप न्यावं लागतं आणि ते आयफोन पहिल्यांदा सेट करतानाच करायचं. आधी आयफोन वापरायला सुरुवात केली आणि मग आठवलं तर तो रिसेट करून पहिल्यापासून.

आणि व्हॉट्सॲपचा तो सहा आकडी टू-स्टेप पिन, जो मधेमधे विचारतो आणि आपण वैतागून काहीतरी टाकतो, तो आताच आठवून बघा. विसरलात आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं.

यूपीआयचा तो एसएमएस

आता मुख्य दुखणं. यूपीआय ॲप नव्या फोनवर सुरू करताना ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस स्वतःच पाठवतं, त्यात काहीतरी अगम्य अक्षरं-आकडे असतात. हाच सगळा खेळ आहे. बँकेत नोंदवलेला नंबर आणि फोनमधलं सिम एकच आहे का हे त्यावरून ठरतं. "व्हेरिफिकेशन फेल्ड" येतं तेव्हा दहा वेळा रिट्राय मारण्याऐवजी हे बघा:

फोनमधे दोन सिम आहेत आणि ॲपने दुसरंच सिम पकडलंय का. बँकेचा नंबर ज्या सिमचा आहे तेच निवडा, आणि फोनच्या सेटिंगमधे एसएमएससाठीही तेच डिफॉल्ट करा, नाहीतर दर वेळी विचारत बसतो.

त्या सिमवर एसएमएस जातो का. आपण कित्येक वर्षांत एसएमएस पाठवलेलाच नसतो, त्यामुळे कळत नाही. घरी वायफाय आहे म्हणून लोक सिमला नुसतं जिवंत ठेवण्यापुरता स्वस्तातला रिचार्ज मारतात आणि मग हा एसएमएस अडकतो. घरातल्या कुणाला तरी "हाय" पाठवून बघा, गेला तर ठीक.

एसएमएसची परमिशन दिलीय का, व्हीपीएन बंद आहे का, तारीख-वेळ ऑटोमॅटिकवर आहे का. इथे बरेच जण सुटतात.

आणि आता ते, जे बहुतेकांना माहीतच नसतं. नव्या फोनबरोबर सिमही बदललं असेल, म्हणजे मोबाइल कंपनीच्या गॅलरीत जाऊन नवीन सिम घेतलं किंवा साध्या सिमचं ई-सिम (कार्ड न घालता फोनमधेच चालू होणारं सिम) केलं, तर त्या नंबरवरचे एसएमएस २४ तास बंद राहतात, येणारेही आणि जाणारेही. सिम स्वॅपच्या, म्हणजे चोराने तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढून केलेल्या, फसवणुकी थांबवायला हा नियम आहे, चांगला आहे, पण आपल्याला वाटतं फोनच खराब निघाला. ना ओटीपी येणार, ना यूपीआय चालू होणार. त्यामुळे सिम बदलायचं असेल तर ज्या दिवशी भाडं, फी किंवा ईएमआय भरायचा नाही असा दिवस निवडा, आणि खिशात थोडी रोकड ठेवा. लग्नाच्या आदल्या दिवशी ई-सिम करणारे महाभाग मी बघितलेत.

रजिस्ट्रेशन झालं तरी पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही. नव्या फोनवर अँड्रॉइडला पहिले २४ तास ५००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात, आयफोनला काही बँका हेच ७२ तास लावतात. यात बिघाड काही नाही, बँकेला फोन लावून भांडू नका. यूपीआय पिन मात्र जुनाच चालतो, तो खात्याला जोडलेला असतो, ॲपला किंवा फोनला नाही, त्यामुळे उगाच "फरगॉट पिन" करून डेबिट कार्ड शोधत बसायची गरज नाही.

आणि कृपा करून, अडकलं की गुगलवर "कस्टमर केअर नंबर" शोधू नका. तिथे वर येणारे कितीतरी नंबर चोरांचे असतात. समोरचा गोड बोलतो, स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगतो, आणि "व्हेरिफाय करायला" पिन टाकायला लावतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणार. मदत हवी तर ॲपच्या आतलं हेल्प उघडा किंवा डेबिट कार्डाच्या मागे छापलेला नंबर लावा. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, जितक्या लवकर तितकी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त.

ऑफिसचा ऑथेंटिकेटर विसरणं

पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या आयटीवाल्यांचं खास दुखणं. ऑथेंटिकेटर म्हणजे लॉगिन करताना लागणारा कोड दाखवणारं ॲप. शनिवारी फोन बदलला, सोमवारी लॅपटॉप उघडला, तो म्हणतो ऑथेंटिकेटरमधला कोड टाक, आणि ऑथेंटिकेटर जुन्या फोनात. नव्या फोनावर ते ॲप टाकलं की कोड आपोआप येतील असं सगळ्यांना वाटतं. गुगलच्या ऑथेंटिकेटरला २०२३ पासून अकाउंटशी सिंक आहे, पण ते चालू केलेलं असेल तर. नसेल तर जुन्या फोनातून एक्सपोर्टचा क्यूआर काढून नव्यात स्कॅन करायचा. ऑफिसचं अकाउंट मात्र बऱ्याचदा नव्याने जोडावं लागतं, आयटीवाल्यांना आधी सांगून ठेवा.

टच गेलेला फोन "मेला" म्हणून सोडून देणं

जुना फोन पडून टच गेला म्हणूनच नवा घेतला असेल, पण स्क्रीनवर दिसतंय, तर डेटा गेला असं समजू नका. शंभर-दीडशेचा ओटीजी ॲडॅप्टर (फोनला यूएसबीची वस्तू जोडायचा छोटा जोड) घ्या, कॉम्प्युटरचा साधा यूएसबी माऊस त्याला लावा आणि फोनला जोडा. स्क्रीनवर बाण येतो. त्याने लॉक उघडा, बॅकअप घ्या, सगळं निवांत करा. दुकानात डेटा काढून द्यायचे किती मागतात ते विचारून बघा एकदा, मग या माऊसची किंमत कळेल.

रिसेट मारायची चुकीची पद्धत

सगळं नव्यावर आलं, यूपीआयने एक रुपया कुणाला तरी पाठवून बघितला, आता जुना रिसेट करायचा. इथे काही जण पॉवर आणि व्हॉल्यूमची बटणं दाबून रिकव्हरीतून रिसेट मारतात, यूट्यूबवर बघून. मग फोन चालू केला की तो जुन्या गुगल अकाउंटचा पासवर्ड मागतो आणि पुढे सरकतच नाही. चोरीच्या फोनांसाठी हे कुलूप २०१५ पासून अँड्रॉइडमधे आहे. रिसेट नेहमी सेटिंगमधून, आणि त्याआधी अकाउंट्समधे जाऊन गुगल अकाउंट काढा, शाओमी किंवा सॅमसंगचं वेगळं अकाउंट असेल तर तेही. आयफोनला फाइंड माय (हरवलेला फोन शोधायची सोय) बंद करा. रिसेट करताना ई-सिमही पुसू का असं विचारलं आणि ई-सिम अजून त्याच फोनात असेल तर हो म्हणायच्या आधी विचार करा, पुसलं की परत कंपनीकडून घ्यायचं आणि परत ते २४ तास.

आईला देताय म्हणून रिसेटच न मारता स्वतःच्या अकाउंटसकट देणारेही असतात. मग आईचे सगळे फोटो तुमच्या फोनात, तुमचे स्क्रीनशॉट आईच्या फोनात, आणि तुमच्या यूट्यूबवर बाइकच्या रिव्ह्यूंमधे हरिपाठ. तिला तिचं अकाउंट काढून द्या आणि त्याचा पासवर्ड वहीत लिहून ठेवा, हो, वहीतच, डाळ-तांदळाचा हिशोब असतो त्या वहीत चालेल.

नवा फोन सेकंडहँड घेतला असेल तर हे सगळं करायच्याही आधी *#०६# डायल करून आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख नंबर) काढा, आणि इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो १५ आकडी नंबर १४४२२ ला एसएमएस करा. उत्तरात फोन ब्लॅकलिस्टेड आला तर तो परत करा, पैसे मागा, आणि सिम त्यात घालूच नका.